एकोणपन्नासावं पान

सित्राच्या प्लांटवर दिवसभर
समुद्रातलं मीठ वेगळं करायचं
आणि रात्री मनामातल्या या खोलीत
कागदातली ओल.
बुटांच्या खोक्यांतल्या, गोळ्यांच्या बाटल्यांतल्या
सिलिकाच्या पुड्या जमवतो मी.
फार्मसीतला अब्दुलकरीम हसतो,
पण ठेवतो बाजूला.

एकोणीस कादंबऱ्या. सगळ्या पहिल्या आवृत्त्या.
तेव्हा कुणी घेतल्या नाहीत म्हणून आज दुर्मीळ.
छापल्या तीनशे,
त्यातल्या निम्म्या वाळवीनं वाचल्या.

तिरोडकर एकतीस वर्षांनी कायमचे निघाले.
फ्रिज विकला, गालिचा ड्रायव्हरला दिला,
आणि ही विसावी मला.
किंमत साडेपाच रुपये,
मुखपृष्ठावर नुसती एक तिरकी रेघ.
"बॅगेचं वजन जास्त होतंय," म्हणाले
आणि बघत राहिले दुसरीकडेच.

घरी येऊन उघडली तर
अठ्ठेचाळीसनंतरची पानं जोडलेलीच.
साठ वर्षं झाली,
नायक अजून जिन्यातच उभा,
दार वाजवावं की नाही, याचा विचार करत.

कापली की भाव अर्धा, हे मला कळतं.
वहीत नोंदही केली मी:
पानं न कापलेली, स्थिती उत्तम.
खाली सही, तारीख.

एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
जेवलो. भांडी घासली.
सुरमईची सुरी धुतली, पुसली,
वास घेऊन पुन्हा पुसली
आणि घडीत सरकवली.

आतून कुणी कडी काढावी
तेवढाच आवाज झाला.