पांढरा साका

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
हिंगणीच्या पुलावरून मी बादली सोडते.
दोरीला गाठी मारल्यात हातहातभर अंतरावर.
चौथी गाठ ओली झाली
की मांजरेत अजून पाणी आहे
एवढं तरी लिहिता येतं.

बर्फाची पेटी, लाख, सुतळी, मेणबत्ती,
तीनशे मिलीची काचेची बाटली,
जिच्यात हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये.
राहिला, तर नदी आहे त्यापेक्षा जिवंत दिसते.

आधी मँगनीज, मग अल्कली.
बूच लावायचं, बाटली उलटीसुलटी करायची
आणि थांबायचं.
साका तपकिरी उतरला तर पाण्यात प्राणवायू आहे,
पांढरा उतरला तर नाही.
आकडा लातूरच्या प्रयोगशाळेतून येतो नंतर,
नदी उत्तर पुलावरच देऊन मोकळी होते.

तीन वर्षं तपकिरी.
कधी काकवीसारखा, कधी उरलेल्या चहासारखा,
पण तपकिरीच.
'विहित मर्यादेत' मी इतक्यांदा टाइप केलंय
की 'वि' दाबला की पुढचं संगणक स्वतःच लिहितो.

वरच्या अंगाला डिस्टिलरी.
बिडवे साहेब नोटिशीवर तारीखवार सही करतात,
शुद्धीकरण हौदात सोडलेले लाल मासे दाखवतात.
मासे आणलेली प्लास्टिकची पिशवी
रबरासकट कोपऱ्यात पडलेली असते.
मी चहा घेत नाही.
बिस्किट एकदा घेतलं होतं.

पुलाखाली मुंजाजी भोई जाळं सांधत बसतो.
ज्यात दिवाळीपासून काही अडकलं नाही
ते जाळं फाटतं तरी कसं,
मी विचारलं नव्हतं.

एका मंगळवारी तोच वर आला.
हातात थंड पेयाची बाटली, लेबल खरवडलेलं.
"परवाच्या रातचं हाय," म्हणाला.
"तुमी तारखेला येता, मॅडम.
पाणी काय तारीख बघून येत न्हाई."

मी नियम सांगितले. वेळ कुणी नोंदवली?
पंच कोण? सील कुठंय? बर्फात होतं का?
"रांजणाजवळ ठिवलं होतं.
वास सुटला, तवा बायकोनं भाईर काढलं."

कुठल्याच रकान्यात ती बाटली बसेना.
घेतली नाही म्हणाले,
आणि परतही दिली नाही.

आठ दिवस टेबलावर, फायलींच्या मागं.
बूच फुगत गेलं.
झाडताना कौसाबाई म्हणाली, हे काय मॅडम?
नमुना, म्हटलं.
कुणाचा?
मी फाइल उघडली. बराच वेळ एकच पान वाचत राहिले.

नवव्या दिवशी गफूरभाईंना विचारलं,
रात्री गाडी काढाल?
लॉगबुकात 'प्रवासाचं कारण' कोरं होतं.
"लिहा ना," ते म्हणाले, "पाणी बघायला."

तीन वाजले होते. बादली खाली पोचायच्या आत
वास वर आला, गोडसर, कुजका.
खांबाभोवती फेस, उशी उसवल्यासारखा.
टॉर्च मुंजाजीच्या हातात.
एक पंच तो,
दुसरा व्यंकट, नळयोजनेचा.
रोज पहाटे चारला
हेच पाणी तो गावच्या टाकीत चढवतो.

बाटली भरली. बुडबुडा नाही.
मँगनीज. अल्कली. बूच.
उलटी, सुलटी, उलटी.
कुणी बोललं नाही.

पांढरा.
धुतलेल्या पाटीवरून ओघळणाऱ्या
खडूसारखा, सावकाश, तळाशी.

मी लाख वितळवली. बोट भाजलं.
पंचनाम्यावर मुंजाजीनं नाव पूर्ण लिहिलं,
बापाचंसुद्धा.
व्यंकटचं पेन मात्र अध्येच थांबलं.
त्यानं मनगट टॉर्चखाली धरलं: पावणेचार.

"मॅडम, मोटर लावू का नको?"

ह्याला माझ्या फॉर्मात रकाना नाही.
हा अधिकारही माझा नाही.

नको, म्हणाले.