मधला स्पीकर

वूचमध्ये जानेवारी. चौथा मजला, लिफ्ट बंद.
नवा प्लेअर खोक्यातून काढला तेव्हा
त्याच्या पत्र्याला बाहेरची थंडी चिकटून होती.
पुस्तिका म्हणते, आतलं दव सुकेपर्यंत दोन तास थांबा.
थांबलो.
बाबांनी ग्लासातला लिंबाचा चहा डाव्या हातानं ढवळला,
उजवा मांडीवर पडलेला,
ट्राममध्ये कुणी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.

मग मी जमिनीवर, गुडघे टेकून.
भाषा: पोलिश.
पडदा: सोळास नऊ.
चित्रपट जुना, चारास तीनचा, त्यामुळे
घोडे बुटके झाले, नायिका आडवी सुटली,
बाबा हसले,
हसू अजून एकाच बाजूनं येतं.
"मूळ आकार" निवडला.
दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या उभ्या राहिल्या
आणि घोडे पुन्हा घोडे झाले.

आता आवाज.
दार आपटलं, ऐकू आलं. वारा, चाबूक, व्हायोलिनं,
सगळं जागच्या जागी. माणसं तेवढी नाहीत.
ओठ हलताहेत, शब्द नाहीत.
बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं
जशी मी त्यांची नक्कल करतेय.

आमच्याकडे परदेशी चित्रपट असेच यायचे:
वरून एकच माणूस वाचायचा, सगळ्यांचं,
राणीचं, दरोडेखोराचं, मरणाऱ्या पोराचं,
एकाच सपाट सुरात,
रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसं.
एकतीस वर्षं तो माणूस म्हणजे माझे बाबा.
"आपण रडायचं नाही, बोग्ना," सांगायचे,
"रडायला पडद्यावर पगारी माणसं आहेत."

ऑगस्टपासून त्यांच्याकडे तीन शब्द उरलेत:
नाही. चहा.
आणि माझ्या आईचं नाव,
ज्याला आता मी ओ देते.

ऑडिओ आउटपुट.
डिजिटल, बिटस्ट्रीम, स्पीकर पाच अधिक एक.
घोळ इथे होता.
यंत्राची समजूत, की या खोलीत पाच स्पीकर आहेत,
आणि ते इमानेइतबारे सगळं बोलणं
मधल्या स्पीकरकडे धाडत होतं.
मधला स्पीकर नाही. कधीच नव्हता.
तिथे फिकसची कुंडी आहे.
इतका वेळ बाबा
कुंडीत बोलत होते.

बदललं: स्पीकर दोन, स्टिरिओ.
रात्रीचा मोड चालू, म्हणजे तोफा खाली, कुजबुज वर
(खालच्या बाई झाडूच्या दांड्यानं छत ठोकतात).
होय. ठीक. मागे.

आणि आले.
अठ्ठेचाळीस वर्षांचे, सिगरेटनं घोटलेले,
घाई नाही, दया नाही:
"मागे फिरा. नदीला पूर आलाय."

खुर्चीतल्या माणसाचे ओठ हलू लागले.
आधी त्यांचे ओठ, मग स्पीकर,
प्रत्येक वाक्याला अर्धा श्वास पुढे.
पाठ होतं सगळं, राणीचंसुद्धा.
मेनूत एक खूण आहे, ध्वनी-विलंब, मिलिसेकंदांत.
चाळीस केलं. ऐंशी. अंतर वाढतच गेलं.
आवाज मागे ढकलता येतो इथे,
पुढे ओढायची सोय नाही.
शून्यावर आणून सोडलं.

शेवटी पाट्या पळाल्या,
काळ्यावर पांढऱ्या, कुणीच वाचू नयेत अशा वेगानं,
आणि त्यांच्यावरून तो सपाट आवाज:
वाचून दाखवलं, लुदोमिर वेंगझिन.
या वेळी बाबांचे ओठ मिटलेले होते.
त्यांनी कुंडीकडे पाहिलं, मग स्पीकरकडे.
"नाही," म्हणाले.

सेटिंग जतन करायच्या का, पडदा विचारत राहिला.
मी उठले. गुडघ्यांना सतरंजीची नक्षी उमटलेली.
"चहा," ते म्हणाले.