राखीव

अर्जात एक रकाना होता:
खेळ, स्तर, स्थान.
मी लिहिलं, खो-खो. राज्य. दुसरं.
खाली जागाच नव्हती सांगायला
की सोलापुरात तीन दिवस
मी बाकावर बसून
सगळ्यांच्या बाटल्या भरत होते,
पाठीवर पंधरा नंबर,
गुडघ्याला एकदाही माती नाही.

धावत होती सोनल भोये.
पेठ रोडच्या हॉस्टेलातली,
वर्गात हजेरीलाही ओठातल्या ओठात हो म्हणणारी.
खांबाशी सूर मारला
की समोरची पोरगी वळायच्या आत बाद.
शिरसाठ सर म्हणायचे,
हिच्या पायात सावळघाट आहे.
उपांत्य सामन्यात एकटीने चौघींना टिपलं,
कोपराचं सालटं निघालं,
मी त्यावर हळद दाबली.
राज्यस्तरावर माझी कामगिरी, म्हटलं तर, तेवढीच.

प्रमाणपत्रं मात्र सगळ्यांना सारखी.
तोच सोनेरी काठ, तीच गिचमिड सही.

बाबांनी कौतुकाने लॅमिनेशन करून आणलं.
सर कपाळावर हात मारत म्हणाले,
अहो, पडताळणीला असं चालत नाही!
मग रात्री जेवणं झाल्यावर
बाबा ब्लेडने प्लास्टिक सोडवत बसले,
जसं काही टाके काढतायत.
माझ्या आडनावाचा शेवटचा काना तेवढा गेला.
दुसऱ्या दिवशी सातपूरची पहिली पाळी बुडवून
क्रीडा कार्यालयाच्या रांगेत उभे राहिले,
पुढच्या माणसाला सांगत,
मुलगी राज्य खेळलीये.
मी चपलेने फरशीवरची रेघ उकरत होते.

आई, जी नववीत म्हणायची
उड्या मारून कुणी डॉक्टर झालंय का,
ती आता इंदिरानगरच्या जिन्यात
खेळाचं महत्त्व समजावते.

कॉलेज रोडवर यादी लागली.
खेळाडू कोटा, सर्वांत खाली मी.
वरून खाली, खालून वर,
सोनलचं नाव तीनदा शोधलं.
फोन लागला आठ दिवसांनी,
मागे कुणीतरी बैलाला हाकत होतं.
म्हणाली, आवणी चालूये, रेंज नसते इकडं.
मग जरा थांबून,
खेळाचा पण फॉर्म असतो का गं?
माझा कागद ट्रंकेतच आहे,
घडी मोडू नये म्हणून
खाली पाटी ठेवलीये.

मी म्हटलं, पुढची फेरी असते, बघते.
असते का, मला ठाऊक नव्हतं.
विचारलं तर खिडकीतले बाई म्हणाल्या,
जागा भरली, शेवटची एकच होती.

एकच.

लोक विचारतात, खेळाचा उपयोग होतो का ॲडमिशनला?
होतो.
कुणाला, ते कुणी विचारत नाही.

आज कॉलेजच्या मैदानावर निवड चाचणी.
नवे सर म्हणाले, राज्य खेळलेली कोण? बस चौथ्या चौकोनात.
बसले. बोटं मातीत रोवून,
एक पाय मागे, तोंड कॉलेजच्या फाटकाकडे.
आणि आठवला सरावातला तिचा पंजा,
पाठीवर सपकन् बसणारा,
कानात खो.
नियमच असा आहे या खेळाचा.
जिने खो दिला
ती खाली बसते तुझ्या जागी,
आणि तुला उठावं लागतं,
मागे वळायचं नाही,
धावायचं.

माझ्यामागून कुणीतरी येतंय.
पाय अजून जमिनीला चिकटलेले.