मोजा

इथल्या भाषेत मोजा म्हणजे एक.
वाबिवाला तेवढाच आकडा येतो.
मोजा, म्हणते, आणि थांबते,
जणू पुढचं दुसऱ्या कुणाचं काम आहे.

ते काम म्वेझेचं. रोज सकाळी
ताडपत्रीच्या तंबूत तो तिची पाठ उघडी करतो,
हातांवर रबराचे दोन थर, चष्म्यावर वाफ.
मोजा, म्बिली, तातू, न्ने...
शंभरानंतर मनात मोजतो.
तळहातावर काल नवा फोड नाही आला.
चार वर्षांच्या तळहातावर
जागा तरी किती असते.

आई दोरीपलीकडे. कडेवर दोन महिन्यांचं,
म्हणून आत सोडत नाहीत.
खाणीच्या टेकडीवर दिवसभर गाळ चाळून आलेली,
नखांत सोन्याऐवजी माती,
तिथूनच ओरडते : जेवली का गं?
तंबूतून कुणीतरी हो म्हणतं.
घशातसुद्धा फोड आलेत, कसाव्याची पेज परत येते,
हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

हो म्हणणारी न्योता. शेजारच्या खाटेवरची, चौदाची.
कितेंगे नाकापर्यंत ओढून बसते,
पाणीसुद्धा पाठ करून पिते.
फोन पालथा ठेवते, काळ्या पडद्यातही दिसतं म्हणून.
मैत्रिणींना सांगितलंय, मावशीकडे आलेय.
पण वाबिवा रात्री खाजवायला लागली
की तिची बोटं धरून ठेवते,
आणि एका रात्री, दुसरं काही सुचेना तेव्हा
कापड खाली घेऊन म्हणाली, हे बघ,
माझे मोज.
अंधारात एक बोट, कपाळावरून गालावर.
म्बिली. तातू.
सातापर्यंत झोप लागली.

खपल्या गळायला चौथा आठवडा उजाडला.
चटई जाळली, फ्रॉक जाळला.
म्वेझेने कागदावर सही केली
आणि पेन क्लोरीनमध्ये बुडवलं.

दोरीपलीकडे आईने आधी तोंड नाही,
तळहात पाहिले पोरीचे, उलटसुलट.
वाबिवाने मात्र बाळाचं झबलं वर केलं,
सराईतासारखी पाठ आपल्याकडे वळवली,
बोट फिरवत राहिली, मानेपासून खाली.
आता तिला वीसपर्यंत येतं.
आई श्वास धरून उभी.

मोजा, वाबिवा म्हणाली.
आणि थांबली.

डास असेल,
तंबूच्या दारातून न्योता ओरडली, उघड्या तोंडाने,
डासच असेल.