रिकामे चौदा लिटर

वीजबिलाच्या कोऱ्या पाठीवर
मी समुद्राचं तळघर आखतोय.
वरची टाकी तीन फुटी, बैठकीत, दिव्याखाली.
तिच्या पोटाखाली, कपाटाच्या अंधारात, ही दुसरी.
हिच्यापुढे थांबून कुणी पाहुणा ‘वा’ म्हणणार नाही.

पहिल्या खणात पांढरा मोजा,
वरून उष्टं-खरकटं घेऊन येणाऱ्या पाण्याला.
शेजारी स्किमर: दिवसभर फेस घुसळून
शिळ्या चहासारखं काहीतरी कपात साठवेल.
मधल्या खणात दगड आणि शेवाळाचा गुंता.
वर रात्र असेल तेव्हा इथं दिवा,
वरच्यांच्या झोपेसाठी
खाली कुणीतरी जागं पाहिजे.
मग तीन काचा, दोन-दोन बोटं अंतरावर.
पाण्यानं एकीवरून उडी मारायची,
दुसरीखालून वाकून जायचं,
तिसरीवरून परत उडी,
तोवर बुडबुडे वाटेतच फुटतात.
शेवटी मोटर.

औसा रोडचा मोईज, बारावीला चमकलेल्या पोरांचे
फोटो मढवून देतो, काच तोच कापणार.
कागद उलटासुलटा करून म्हणाला,
‘खारं पाणी सर? हितं गोडंच मिळंना की.’
आणि मग, ‘डबा एवढा उंच,
पाणी मात्र निम्म्यावरच दाखवलालाव?’

लाईट जाते ना, मी म्हटलं.
लाईट गेली की मोटर थांबते
आणि जे जे वर धरून ठेवलं होतं,
पाईपांतलं, काठावरचं, कंगव्याच्या दात्यांतलं,
ते सगळं घरी परततं.
तीन गुणिले नव्वद गुणिले पंचेचाळीस,
बारा लिटर. पाईपांतले दोन.
चौदा लिटरांची जागा राखून ठेवायची, रोज,
ते रोज येणार नसले तरी.
आणि परतीच्या पाईपाला, पाण्याच्या जरा खाली,
दाभणाएवढं भोक.
तिथून हवा शिरली की ओढ तुटते.
नाहीतर तो पाईप तोंड लावून
वरची टाकी पीतच राहील
आणि सकाळी फरशीवर समुद्र.

निशिगंधा म्हणते, समुद्रच बघायचा तर
गुहागरला जाऊन येऊ, स्वस्तात पडेल.
बरोबर आहे तिचं.
पण मला रुपयाएवढा तो जांभळा तुकडा हवाय,
चेन्नईहून दोन गाड्या बदलून
थर्माकोलच्या डब्यात येईल तो.
का, ते मलाही नीट सांगता येत नाही.

खारं करायला आधी गोडच लागतं.
नळ आठव्या दिवशी. एक बादली शुद्ध व्हायला
दोन बादल्या फिल्टर बाहेर टाकतो.
त्या मी पद्मिनबाईंच्या दारात नेऊन ठेवतो,
धुण्याला होतात. तरी लाज वाटते,
खोटं कशाला बोलू.
उन्हाळ्यात दिवसाला तीन-चार लिटर उडून जातील.
मीठ कुठं जात नाही.

सिलिकॉनचा आंबूस वास दोन दिवस घरभर.
तिसऱ्या दिवशी चाचणी. पद्मिनबाई
पदर खोचून बघायला आल्या,
‘हे वरलं मोकळंच ठिवायचं?’
मी बिल पुढं केलं, गणित दाखवलं.
त्यांनी बिल नुसतं उलटून रक्कम पाहिली.
‘आमच्यात बी एक कळशी पालथी असतीच,’
म्हणाल्या,
‘नळाचा काय भरवसा,’
आणि दूध गॅसवर आहे म्हणून निघून गेल्या.

मी स्विच बंद करणार होतो नऊ पंचेचाळीसला.
नऊ चाळीसलाच लाईट गेली, खरोखरची.
मोबाईलच्या उजेडात कपाटासमोर उकिडवा बसलो.
पाणी खाली येऊ लागलं, कसलीही घाई नसलेलं.
मोजा बुडाला. काचा बुडाल्या एकेक करून,
तिन्ही खणांचा एक खण झाला.
मार्करची रेघ जवळ आली.
मी गुणाकार मनात परत केला, दोनदा.
मग वर कुठंतरी
‘शूं’ झालं,
भोकानं हवा घेतली.

रेघेच्या बोटभर खाली.
मी तसाच बसून राहिलो, पायाला मुंग्या येईपर्यंत.
गल्लीत कुणी ओरडलं, ‘पाणी सुटलं ओ!’
आज सहावाच दिवस.
आणि भिंतीपलीकडे अंधारात
कळशी सुलटी ठेवल्याचा आवाज.