चार्ज देताना

ही चावी उलटी फिरते, हर्षाली.
खाऱ्या वाऱ्याने कुलपाचं पोट खाल्लंय,
दर शनिवारी खोबरेल सोडत जा.

डावीकडच्या कपाटात, वाळूच्या डब्यात रोवलेली
तपकिरी बाटली : सोडियम.
समोरच्या खिडकीतून विजयदुर्गची खाडी दिसते,
भरतीला पाण्याचा वास टेबलापर्यंत येतो,
म्हणून कपाट त्या भिंतीला लावलेलं नाही.
शिपाई म्हणेल, तिकडे जागा आहे, सरकवूया.
नाही म्हण.

तेल धातूच्या वर दोन बोटं हवं.
रेशनवरचं रॉकेल बंद झाल्यापासून
मी मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणतो.
काझी दर वेळी विचारतो,
"मास्तर, पोट अजून साफ होत नाही?"
खरं सांगत बसू नकोस. बिल मात्र घे.

सुरी कोरडी हवी.
कापलेली बाजू
जाळ्यातून नुकत्या काढलेल्या बांगड्याच्या पोटासारखी झळकते,
आणि तू "बघा रे" म्हणेपर्यंत
दुपारच्या बाजारातल्या बांगड्यासारखी.

पाण्यात टाकायचा तो मिरीच्या दाण्याएवढा,
वाटाण्याएवढा नव्हे, पुस्तकात काहीही लिहू दे.
मध्ये काच धर.
तो पाण्यावर ठरत नाही,
सावकार मागे लागल्यासारखा काठाकाठाने पळतो,
पळता पळता लहान होतो,
मग नसतो.

सिंकमधली भेग अनंत धुरीची, नव्याण्णवची बॅच.
उरलेला तुकडा त्याने नळाखाली धरला.
भुवई परत आली. सिंक तसंच आहे.
बदलू देऊ नकोस, भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा
ते बरं शिकवतं.
उरलेल्या कपच्या स्पिरिटमध्ये, एकेक,
बुडबुडे थांबेपर्यंत तिथेच उभं राहायचं,
मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी.

आगीला वाळू. पुळणीवरची नव्हे,
तिच्यात समुद्र असतो.
नदीची आणून तव्यावर भाजलीय मी.

लिथियम तेलावरही तरंगतो, त्याला बुडणं ठाऊक नाही.
व्हॅसलीन फासून ठेवलाय,
थंडीत पोरांच्या गालांना लावतात तसं.

कधी दुपारी एकटा असलो की वाटायचं,
समोर एवढा समुद्र, सगळी याचीच भावकी,
जवळचा एकुलता कण देऊन टाकून
कधीच निवांत झालेली.
हा एक अजून धरून बसलाय.
असो. हे रजिस्टरात नाही.

वादळाच्या रात्री शाळेची कौलं उडाली.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बाटली घातली,
छातीशी धरली, घरी आणली, अख्ख्या पावसातून.
बायको दारात. "ह्यां काय हाडलात?"
"मीठ आसा," म्हटलं, "पण अजून झालां नाय."
तिने डबा घेतला,
पाण्याच्या हंड्यापासून लांब
काजूबियांच्या खोलीत नेऊन ठेवला,
वर सूप उपडं घातलं.
पुढे काही विचारलं नाही.

खालच्या खणातली लहान बाटली मात्र
त्या रात्रीही जागची हलवली नाही.
पोटॅशियम. माझ्याही आधीचा.
तेलाखाली राहूनही वर्षानुवर्षं हवा पीत आलाय,
अंगावर पिवळी खपली धरलीय.
तिच्यात सुरी गेली तर
त्याला पाण्याचीही वाट बघावी लागणार नाही.
मी पडवीवरची ताडपत्री सोडून आणली,
कपाटाला चारी बाजूंनी बांधली.
पडवी गेली.
कपाट कोरडं राहिलं.

झाकण फिरवू नकोस.
उचलून उजेडात धरू नकोस.
धूळही असू दे.
ओरोसला पाच पत्रं गेलीत,
नकला टेबलाच्या खणात, टाचणी लावून.
सहावं लिहून ठेवलंय, तारीख तू घाल.

हं, इथे सही.
थांब,
आधी हात पूस.