छापा : ओळखू येत नाही

गुरुवारी ऑडलिंग येतो.
लिंकनच्या म्युझियममागची खोली, हीटर अजून तापतोच आहे.
पायपुसण्यावर बूट तीनदा घासून
खोकल्याच्या गोळ्यांची डबी माझ्यासमोर ठेवतो.
आत कापूस. कापसात सात चकत्या,
बुरशी धरलेल्या पावाच्या कडेसारख्या हिरव्या.
"सोनं नाहीच," तो आधीच सांगून टाकतो,
जणू माझी निराशा होऊ नये म्हणून.

वजन : एक पूर्णांक तीन ग्रॅम.
व्यास : सतरा मिलिमीटर.
काटा : दोन शिपाई, मधे एक निशाण,
डावीकडच्याला डोकं उरलेलं नाही.
छापा : ओळखू येत नाही.
राजा : अनिश्चित.
किती सहज लिहिते मी हे,
ज्याच्या नावाने माणसं दचकून उठत असतील त्याच्याबद्दल.

"खोटं आहे का?"
तीन खोटीच आहेत. इथल्याच कुणीतरी पाडलेली,
वाचता न येणाऱ्या हातांनी,
अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा.
बाजारात मोड नव्हती, तेव्हा चालली.
"चालली म्हणजे खरीच की."
मी 'नक्कल' लिहिते.

शेत कुठलं विचारलं की तो दाराकडे बघतो.
रात्री यंत्रं घेऊन चोर येतात,
मिसेस थर्लबीने बजावलंय.
मग नकाशावर नुसतं बोट :
बीटाचं वावर, ओढ्याच्या अलीकडे,
जिथे नांगराला दरवर्षी कौलांचे तुकडे लागतात.
सातही तिथली. चाळीस पावलांत.

फॉर्मवर रकाना आहे : कसं सापडलं.
कसं हरवलं, याला रकाना नाही.
कुणाची कमरेची गाठ सुटली असेल,
चिखल असेल, अंधारून आलं असेल,
एवढ्याशासाठी कोण वाकतं
म्हणून ती पुढे गेली असेल.
किंवा नसेल गेली. शोधत राहिली असेल
घरून हाका येईपर्यंत.

ऑडलिंग वाकतो.
गुडघा बदलल्यापासून,
आधी एक हात जमिनीला टेकवून.

नोंद झाली. नाणी त्याची त्याला.
सहा डबीत. सातवं, बिनडोक्याच्या शिपायाचं,
तो कोटाच्या खिशात टाकतो. मी विचारत नाही.

खिडकीतून दिसतो पार्किंगच्या यंत्रापाशी,
हातमोज्यातच चिल्लर चाचपत
एकेक नाणं आत सोडताना.
एक यंत्राला पटत नाही.
ते बाहेर येतं, कडेवर उभं राहतं,
घरंगळत जातं कुणाच्या तरी गाडीखाली.

तो एक हात जमिनीला टेकवतो.
मी कोट न घालताच खाली उतरते.